शेवटच्या घराचा नळ

मी ज्या नगरपालिकेत पाच वर्षं नगरसेवक होतो ती पेणची की रोह्याची, हे इथे लिहीत नाही. दोन्ही गावांत माझे सोयरे आहेत आणि दोन्हीकडून अजून लग्नाच्या पत्रिका येतात. पेणच्या वाचकांनी ती रोह्याची समजावी, रोहेकरांनी पेणची. नळासमोर हंडे मांडून बसणारी माणसं दोन्हीकडे सारखीच आहेत.

नगरसेवक म्हणजे गावाचा मालक, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं म्हणजे नगरसेवकाला नगरपालिकेच्या शिपायाचं टेबलसुद्धा हलवता येत नाही. त्याला सभेत प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो आणि अमुक इसम अमुक ठिकाणी राहतो अशा दाखल्यावर सही करता येते. बाकी सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने चालतं. पण लोक मुख्याधिकाऱ्यांच्या दारात जात नाहीत, कारण त्यांची बदली होते. माझी होत नव्हती. मी आंघोळीला बसलो असलो तरी मोरीच्या दाराबाहेर माणूस उभा असे.

आणि काय काय कामं! एक गृहस्थ शेजाऱ्याचा कोंबडा सहाच्या आधी आरवतो म्हणून नोटीस द्या म्हणत आले होते. एकाला आपला सख्खा भाऊ आपल्याबरोबर राहत नाही असा दाखला हवा होता, आणि तो भाऊ त्याच्यामागेच उभा राहून मान डोलावत होता. एक बाई मुलीचं स्थळ घेऊन आल्या. "तुमची वर ओळख असते ना," म्हणाल्या. वर म्हणजे कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यांना मी तोंड दिलं. पण पाच वर्षांत माझ्या डोक्याचा खरा भुगा केला तो एका नळाने. आमच्या आळीच्या शेवटच्या घराच्या.

आळीची रचना सांगतो. मुख्य रस्त्यावरून आळीत वळलं की पहिलं घर आपटे गुरुजींचं. तिथून आळी किंचित चढत जाते आणि टोकाला सुगंधामावशीचं घर. नळाची लाइन याच क्रमाने जाते. रोज सकाळी सहाला पालिकेचे नाना लांब लोखंडी चावी घेऊन येत, रस्त्याकडेच्या खड्ड्यात ती घालून व्हॉल फिरवत आणि चाळीस मिनिटांनी परत बंद करत. त्या चाळीस मिनिटांत पहिल्या घरी धो धो, मधल्या घरी बोटाएवढी धार, आणि सुगंधामावशीच्या नळातून नुसती फुसफुस. गेली दोन वर्षं तिथे हवाच येत होती.

सुगंधामावशी डबे करायची. कंपनीत कामाला आलेली, गावी बायकामुलं असलेली माणसं तिच्याकडे जेवत. वीस डबे रोज दहाच्या आत कंपनीच्या गाडीत चढले पाहिजेत. वीस डब्यांचं तांदूळ-डाळ धुणं, भांडी, पिणं, हे सगळं पाणी तिची सून मारुतीच्या देवळामागच्या विहिरीवरून आणत होती. सुनेची कंबर धरली होती. मुलगा म्हणत होता, आपण पनवेलला खोली घेऊ, तिकडे नळ आहे. डबे बंद पडले की घर फुटणार, हे मावशीला दिसत होतं. तिचं सगळं म्हणणं त्या नळापाशी येऊन थांबत होतं.

आता मी नगरसेवक कसा झालो ते. माझे वडील गडब गावाकडचे, भाताची शेती. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. हायस्कूलसाठी गावात आलो तेव्हा आपटे गुरुजींनी मला आपल्या पडवीत जागा दिली. भाडं नाही, काही नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सहा वर्षं मला जेवायला वाढलं आणि एकदाही "अजून भात हवा का" असं विचारलं नाही. त्या नुसत्या वाढायच्या, कारण विचारलं तर मी नको म्हणेन हे त्यांना माहीत होतं. बी.ए. झालो, वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं, त्याच आळीत घर केलं. निवडणूक आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "दिनकर, तू उभा राहा. शिकलेल्यांनी नुसती नाकं मुरडू नयेत." माझ्या अर्जावर सूचक म्हणून पहिली सही त्यांची.

आमच्याकडे मत माणूस देत नाही, आळी देते. मारुतीच्या देवळात बैठक बसते, मागण्या होतात, मग ठरतं. कुणाला गणपतीच्या मांडवासाठी लोखंडी सांगाडा हवा होता, कुणाला दिव्याचा खांब, पण आपल्या खिडकीत उजेड न येणारा. सुगंधामावशी शेवटी बोलली.

"मला काय नको. माज्या नळाला पानी दे."

"देतो, मावशी. वर्षाच्या आत."

"नारळावर हात ठेव." मी हात पुढे केला तेव्हा तीच म्हणाली, "ऱ्हाव दे. हात ठेवून गेल्या खेपेचा पन गेला. तू नुसतं पानी सोड."

देऊळ हसलं. मी निवडून आलो.

पहिल्याच सर्वसाधारण सभेत मी पाण्याचा प्रश्न टाकला. चांगला अभ्यास करून, कलमं वगैरे पाहून गेलो होतो. उत्तर मिळालं, "पाहणी करून अहवाल सादर करण्यात येईल." पुढच्या सभेत विचारलं, अहवाल कुठे आहे? "पाहणी चालू आहे." तिसऱ्या सभेत माझ्या शेजारचे जुने नगरसेवक कानाशी लागले, "दिनूशेठ, प्रश्न सुटला तर पुढल्या निवडणुकीला काय बोलाल? जरा पुरवून खा." मी संतापून पाणी प्यायलो. सभागृहात पाण्याचे तांबे कायम भरलेले असत.

शेवटी पालिकेच्या इंजिनियरने मला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितलं, "साहेब, पाइपात दोष नाही. तुमच्या आळीत घरोघर मोटर आहे. लाइनला थेट जोडतात आणि ओढतात. खालच्यांनी ओढलं तर वर काय चढणार?"

मोटर लावून लाइनमधून पाणी ओढायला बंदी आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच ती लपवतात.

सुरुवात मी स्वतःच्या घरापासून केली. मोरीतल्या कपडे धुण्याच्या दगडामागे, गोणपाटाखाली, आमची मोटर निघाली. मी थक्क झालो. माझी बायको शालन मात्र शांत होती.

"रोज पन्नास माणसं चहाला येतात. पाणी काय तुमच्या भाषणातून काढू?"

"अगं, पण मी नगरसेवक आहे!"

"म्हणून तर येतात."

मोटर काढली. शालन आठ दिवस माझ्याशी फक्त पाण्याबद्दलच बोलली.

मग नानांना घेऊन आळीत फिरलो. नाना म्हणाले, "पयल्या घरापासून धरा, साहेब." मी म्हणालो, "गुरुजींकडे कशाला? त्यांनी मला नागरिकशास्त्र शिकवलंय." नानांनी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आम्ही दुसऱ्या घरापासून सुरुवात केली.

ती फेरी आठवली की आजही माझं डोकं उठतं. तांदळाच्या पिंपातून घरघर येते आहे आणि घरातली बाई शपथेवर सांगते आहे, "मोटर? आमच्याकडं? नाय बा!" शिंपी बाळारामने आम्हांला पाहिल्याबरोबर शिलाईचं मशीन जोरात पायाने मारायला घेतलं, म्हणजे आवाजात आवाज मिसळावा. मशीनवर कापड नव्हतं. एका घरात मोटर देव्हाऱ्याखालच्या फडताळात होती आणि वर समई तेवत होती. मी फडताळ उघडा म्हटलं तर आजोबा म्हणाले, "सोवळ्यात आहे." आणि यातला प्रत्येकजण मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगत होता की शेजाऱ्याकडे मोटर आहे, त्याचं काहीतरी करा.

समजावलं, हात जोडले, नोटिसा लावल्या. ज्या दिवशी नोटीस लागे त्या दिवशी मोटर निघे आणि चौथ्या दिवशी परत बसे. वर्ष संपत आलं होतं. सुगंधामावशी रस्त्यात भेटली की नुसता रिकामा हंडा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यायची.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. पाणी येतं त्या चाळीस मिनिटांपुरती आळीची लाइटच बंद करायची! लाइट नाही तर मोटर नाही. लाइट ऑफिसातले साहेब म्हणाले, "करू, पण आळीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज आणा. एकाचीही हरकत नको." मला वाटलं, संपलं. मोटरवाले लाइट बंद करायच्या अर्जावर सही कशाला करतील?

अर्ज मी लिहिला. सर्वांत आधी गुरुजींकडे नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि झोकदार सही केली. म्हणाले, "चांगलं केलंस. एकदा मिटून जाऊ दे." गुरुजींची सही पाहून बाकीच्यांनीही केल्या. एकूण एक! नंतर कळलं की प्रत्येकाला वाटत होतं, पाणी शेजाऱ्याच्या मोटरने पळतं आहे आणि ती बंद पडली की आपल्याला आपोआप दुप्पट येईल. आपल्या मोटरलाही तीच लाइट लागते, हा विचार त्या सह्यांमध्ये कुठेच नव्हता.

पहिल्या सकाळी मी सुगंधामावशीच्या दारात उभा होतो. नाना चावी फिरवून आले. वायरमनने खांबावरचा फ्यूज काढला होता. सगळी आळी गप्प. दहा मिनिटं नळ नुसता खाकरला. मग तांबूस पाण्याची एक गुळणी टाकली, परत थांबला, आणि मग धार लागली. करंगळीएवढी, पण न तुटणारी.

मावशीने धारेखाली हात धरला. "गार हाय गो," ती सुनेला म्हणाली. सून खाली बसून रडायला लागली. "रडतेस काय, हंडा लाव!" मावशी ओरडली आणि स्वतःच हंडा सरकवला.

माझ्या सगळ्या सार्वजनिक आयुष्यात मला खात्रीने चांगलं म्हणता येईल असं एवढंच आहे, आणि ते महिनाभर टिकलं. त्या महिन्यात मावशीने विसाचे पस्तीस डबे केले. कंपनीचा ठेकेदार मागे लागला होताच. मला विचारायला आली होती. "घेऊ का रे? पानी ऱ्हाईल ना?" मी म्हणालो, "घ्या बिनधास्त. मी आहे." सुनेने विहिरीचा दोर धुऊन माळ्यावर टाकला. पनवेलचं नाव निघेनासं झालं.

इकडे आळी कुरकुरायला लागली. मिक्सर चालत नाही, इस्त्री होत नाही. बाळाराम म्हणाला, "पंखा बंद पडतो आन् मला नेमकी तेवाच झोप लागते." मी कुणालाही जुमानलं नाही. सह्या दाखवल्या.

मग एका सकाळी आपटे गुरुजी स्वतः माझ्या दारात आले. माझ्या घराची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. मी उठून उभा राहिलो, शालनने लगबगीने चटई घातली. गुरुजी बसले नाहीत.

"काकूंना दम्याचा त्रास वाढलाय. पहाटे उठल्यावर वाफेचं मशीन लावावं लागतं. नेमकी सहाला लाइट जाते. काही करता येईल का, दिनकर?"

काही करता येईल का! त्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी दुपारच्या आत वायरमन गाठला. गुरुजींचं घर कोपऱ्यावरचं. त्यांची वायर आळीच्या खांबावरून काढून मुख्य रस्त्याच्या खांबाला जोडायला अर्धा तास लागला. आता आळीत अंधार झाला तरी गुरुजींकडे लाइट राहणार होती. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वाटलं, ज्या हातांनी भात वाढला त्या हातांसाठी एवढं तरी केलं.

तिसऱ्या दिवशी सुगंधामावशीचा नळ परत फुसफुसला.

नाना म्हणाले, "मी व्हॉल पुरा खोलतोय, साहेब." एवढंच. आळीतले लोक माझ्यासारखे आंधळे नव्हते. "गुरुजींच्या घरात लाइट, आमच्या घरात कायदा," बाळाराम मला ऐकू जाईल असं म्हणाला. मला कळत होतं. नळ फुसफुसला त्या पहिल्या दिवसापासून कळत होतं. गुरुजींच्या परसात उंच कट्ट्यावर काळी मोठी टाकी होती, दिवाळीला त्यांच्या मुंबईच्या मुलाने बसवलेली. टाकी अशी वर हवेत आपोआप भरत नाही. पण मी दिवसातून चार वेळा त्या दारावरून जात होतो आणि चारही वेळा मान खाली घालत होतो. जाऊन काय विचारू? ज्यांच्या पडवीत बसून मी नागरिकाची कर्तव्यं पाठ केली त्यांना विचारू, की गुरुजी, तुम्ही चोरून पाणी ओढता का? सभेत मुख्याधिकाऱ्यांना धारेवर धरणारा मी, एका म्हाताऱ्या शिक्षकापुढे माझं तोंड उघडेना. उद्या विचारू, परवा विचारू. काकूंना जरा बरं वाटू दे, मग विचारू. असे नऊ दिवस गेले.

पस्तीस डब्यांचं पाणी विहिरीवरून आणणं एकट्या सुनेच्या आवाक्यातलं नव्हतं. मावशीचे डबे एकदा उशिरा गेले, एकदा अर्धेच गेले, आणि एका दिवशी गेलेच नाहीत. त्या दिवशी पस्तीस माणसं उपाशी राहिली. ठेकेदाराने सगळे डबे दुसरीकडे दिले. पस्तीसच नव्हे, आधीचे वीससुद्धा.

हे मला शालनने सांगितलं, आणि सांगून म्हणाली, "आता तरी जाता का?"

मी गेलो. गुरुजी पडवीत पेपर वाचत होते. मी उभ्यानेच विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडे मोटर आहे का?"

त्यांनी पेपरची घडी घातली. घडीवर घडी घातली. मग म्हणाले, "आहे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"अर्जावर सही केली तेव्हा वाटलं, लाइट जाईल, मोटर आपोआप बंद पडेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही. सुटलो म्हणालो मनात. पुढे काकूंच्या मशीनसाठी तुझ्याकडे आलो ते खरंच मशीनसाठी. पण लाइट राहिली, आणि बटण होतंच." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "तू सगळ्या आळीला विचारलंस, दिनकर. प्रत्येक दारात गेलास. माझ्याच दारात आला नाहीस. आला असतास तर मी खोटं बोललो नसतो."

आदर म्हणून मी ते घर वगळलं होतं. त्याच घरात तो म्हातारा माणूस वर्षभर मी विचारायची वाट पाहत बसला होता. गुरुजींनी त्याच दिवशी माणूस बोलावून मोटर काढली आणि ती पाटीत घालून स्वतः माझ्या दुकानात आणून ठेवली. वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी. काकूंना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आळीच्या टोकाला गेलो. नानांनी चावी फिरवली. नळ जेमतेम एकदा खाकरला आणि धार लागली. आधीच्यापेक्षा जाड, चांगली अंगठ्याएवढी. मी मावशीला हाक मारली. ती एकटीच बाहेर आली. मुलगा आणि सून पहाटेच्या एस.टी.ने पनवेलला गेले होते. खोली आधीच बघून ठेवली होती म्हणे.

मावशीने एक हंडा लावला. तो लगेच भरला. दुसरा हंडा लावायला ती वाकली नाही.

"मावशी, अजून अर्धा तास येईल. पिंप भरून घ्या."

"एकटीला कशाला एवढं?" ती म्हणाली आणि नळ घट्ट बंद केला. मी तिथेच उभा राहिलेला पाहून तिने हंड्याकडे बोट दाखवलं.

"उचलून आत ठेव तेवढा. माजा गुडगा दुकतो. आन् बस, च्या टाकते. आता पानी हाय."